जंगलाचा वजनकाटा

यकृताच्या आजारात पोटात पाणी साठते आणि रुग्णाचे वजन वाढते. वजनकाटा खोटे बोलत नाही. पण त्या वजनावर नातेवाईक खूश होऊ लागले, तर डॉक्टरला त्यांना थांबवावे लागते. जंगलाच्या आकड्यांचेही तसेच आहे.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाचा वनस्थिती अहवाल काढते. २०२३च्या अहवालानुसार देशाच्या २१.७६ टक्के भूभागावर वनाच्छादन आहे. ही मोजणी उपग्रहावरून होते. किमान एक हेक्टर जागेवर झाडांच्या माथ्यांनी दहा टक्के जमीन झाकली, की ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाड कोणते, हे विचारले जात नाही. त्यामुळे आमराई, नारळाची बागही त्यात येते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना फळबागांना वन मानत नाही. रबराच्या मळ्यांना मात्र मानते!

नुसत्या क्षेत्रफळावर भागत नाही, हे जाणकारांना केव्हाच उमगले होते. ‘माँट्रियल प्रक्रिये’तील देशांनी १९९५मध्ये सात निकष मान्य केले. त्यांतला तिसरा चक्क वनाच्या ‘आरोग्या’चा आहे : कीड, रोग, वणवे, उपरे तण यांनी किती जंगल ग्रासले? आपल्याकडेही भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या पुढाकाराने आठ निकष आणि ४३ निर्देशक तयार झाले. शाश्वत विकास उद्दिष्टांत मात्र पाचच उपनिर्देशक आहेत : क्षेत्रातील बदल, जैवभार, संरक्षित भाग, व्यवस्थापन आराखडा आणि प्रमाणीकरण. मोजायला सोपे तेवढे उरले, असे माझे मत.

डॉक्टरने यात का पडावे? माकडतापामुळे. हा विषाणू १९५७मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. गेल्या दशकात गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागातही रुग्ण आढळले. त्यांत काजूच्या बागांत राबणारेही होते. जंगल आणि बागा एकमेकांत घुसतात तिथे माणूस, गुरे, माकडे आणि गोचिडी एकत्र येतात. वनाच्छादनाच्या नकाशावर दाट सावलीची काजूबाग आणि शेजारचे रान दोन्ही हिरवेच.

तिथे रानाच्या प्रकृतीची खबर देते ते मेलेले माकड. ते दिसले तर हात लावू नका. आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकाला कळवा. त्या परिसरात गोचीडनाशक फवारणी करता येते आणि तापाचे रुग्ण लवकर शोधता येतात.