फ्रेंच भाषेचा एक मावळता काळ

फ्रेंच व्याकरणाचे कोणतेही जुने पुस्तक उघडावे. त्यात क्रियापदे चालविण्याचे लांबलचक तक्ते असतात. त्या तक्त्यांच्या तळाशी एक रकाना असा सापडतो की, शिकणारा त्याकडे पाहत नाही, शिकविणारा त्यावर बोट ठेवीत नाही, आणि खुद्द फ्रान्समधला माणूस तो पाहून गालातल्या गालात हसतो. ‘अँपार्फे द्यु स्युब्झाँक्तिफ’ हे त्याचे नाव. आपल्या व्याकरणात त्याला नेमकी जोडी नाही, म्हणून या लेखापुरते त्यास ‘भूतविध्यर्थ’ म्हणू.

“त्याने यावे असे मला वाटते” या वाक्यातल्या ‘यावे’ला फ्रेंचमध्ये एक रूप आहे, आणि “त्याने यावे असे मला वाटत होते” यातल्या ‘यावे’ला दुसरे. मराठीत मुख्य क्रियापद भूतकाळात गेले तरी आपले ‘यावे’ जागचे हलत नाही. फ्रेंच शिष्टाचार मात्र असा की, यजमानाने भूतकाळाचा पोशाख चढविला की पाहुण्यानेही तो चढवावा. हा शिष्टाचार आता जवळजवळ बुडाला आहे.

बडोद्यात फ्रेंच शिकणे ही काही कालपरवाची हौस नव्हे. महाराज सयाजीरावांच्या नोकरीत १८९३ साली आलेले अरविंद घोष पुढे बडोदा कॉलेजात शिकवू लागले ते प्रथम फ्रेंचच. त्या काळच्या विद्यार्थ्याला भूतविध्यर्थ टाळता येत नसे. आज मजकडे फ्रेंच शिकावयास येणारी मुले हुशार आणि हिशेबी आहेत. ती विचारतात, “सर, जे कोणी बोलत नाही ते आम्ही का घोकायचे?” प्रश्न रास्त आहे, आणि “पुस्तकात आहे म्हणून” हे त्याचे उत्तर नव्हे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे रूप कठीण आहे म्हणून मेले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. फ्रेंच क्रियापदांत याच्याइतके सरळ रूप दुसरे नसेल. ‘पासे सँप्ल’ नावाचा जो कथनातला साधा भूतकाळ आहे, त्याचे द्वितीय पुरुषी एकवचन घ्यायचे आणि त्याला एक ठरीव शेपूट जोडायचे, की झाले. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे. त्याची रूपे अनुक्रमे पार्लास, पार्लास, पार्ला, आणि अनेकवचनी पार्लासियों, पार्लासिये, पार्लास. असणे, करणे, येणे, जाणणे ही क्रियापदे इतरत्र शिकणाऱ्याचा घाम काढतात. येथे तीसुद्धा निमूटपणे रांगेत उभी राहतात. अपवाद एकही नाही. उलट रोजच्या बोलण्यात लागणारा वर्तमान विध्यर्थ पाहा. असणे, जाणे, करणे, शकणे, जाणणे अशी नेमकी सदैव तोंडी असणारी क्रियापदे तेथे वाकडी चालतात, आणि तरीही फ्रान्समधले पाच वर्षांचे पोर ती बिनचूक म्हणते. तेव्हा कठीणपणाने भाषेतली रूपे मरत नाहीत, एवढे धरून चालू.

या सहांपैकी तृतीय पुरुषी एकवचनाकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ‘पार्ला’ हे साध्या भूतकाळाचेही रूप आहे आणि भूतविध्यर्थाचेही. उच्चार एकच, अर्थ निराळे. ‘असणे’ या क्रियापदात तर गंमत अधिक आहे. ‘फ्यु’ म्हणजे ‘होता’, आणि ‘फ्यु’ म्हणजेच ‘असावा’. दोहोंत फरक दाखविते ती फक्त स्वरावरची छपरासारखी एक खूण. ही खूण म्हणजे एका हरवलेल्या ‘स’ची समाधी आहे. पूर्वी तेथे ‘स’ लिहीत आणि त्याहीपूर्वी उच्चारीत. इंग्रजीतल्या ‘फॉरेस्ट’ला फ्रेंचमध्ये ‘फोरे’ म्हणतात, त्याच्या डोक्यावर हेच छप्पर आहे. ‘हॉस्पिटल’चे ‘ओपिताल’ झाले, तेथेही तेच. उच्चारातून गेलेला ‘स’ लेखणीत रेंगाळत होता. फ्रेंच अकादमीने १७४० च्या कोशात शेकडो शब्दांतून तो काढला आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी हे छप्पर घातले.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजोबांची पत्रे जपून ठेवलेली असतील, त्यांना हा प्रकार निराळा समजावून सांगावयास नको. ‘तें’, ‘घरें’, ‘मीं’ यांवरचे टिंब उच्चारात बहुतेकांच्या उरलेले नव्हते, पण एका जुन्या अनुनासिकाची ती आठवण होती. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांना १९६२ साली सरकारची मान्यता मिळाली आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. फ्रान्सने १९९० साली शुद्धलेखन सुधारले, तेव्हा ‘इ’ आणि ‘उ’ या स्वरांवरचे छप्पर ऐच्छिक केले; परंतु क्रियापदांच्या या प्रत्ययांवरचे मात्र राखले. म्हणजे ज्या रूपाला बोलणारा उरला नाही, त्याच्या डोक्यावरची टोपी शाबूत राहिली. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण ती काढली असती तर ‘होता’ आणि ‘असावा’ यांत छापील पानावर काहीच भेद उरला नसता.

मग हे रूप बोलण्यातून गेले का? माझ्या मते त्याचे रोजचे काम गेले, म्हणून ते गेले. याचा उगम लॅटिनमध्ये आहे. तेथील ‘आमाविस्सेम’ हे रूप आकसून ‘आमास्सेम’ झाले आणि त्याच्यापासून फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज या साऱ्या बहिणींना आपापली रूपे मिळाली. फ्रेंच सोडल्यास बाकीच्या बहिणी हा दागिना आजही रोज अंगावर घालतात. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती. पोर्तुगीजमधून शिकलेल्या तेथील एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थांना विचारून पाहावे. ‘तो येता तर’ हे पोर्तुगीजमध्ये ‘से एल व्हिएस’ असेच म्हणावे लागते, आणि त्यातले ‘व्हिएस’ हे आपल्या भूतविध्यर्थाचे सख्खे भावंड आहे. इटालियन माणूस ‘से वेनिस्से’ म्हणतो. बाजारात, बसमध्ये, भांडणात, ‘जर’ म्हटले की हे रूप आलेच.

मध्ययुगीन फ्रेंचमध्येही ‘जर’च्या वाक्यात हेच रूप येत असे. पुढे फ्रेंच भाषेने वाट बदलली आणि ‘जर’नंतर साधा अपूर्ण भूतकाळ घातला. आजचा फ्रेंच माणूस ‘सिल व्हने’ म्हणतो. त्यात विध्यर्थ नाहीच. एवढे मोठे, दिवसातून पन्नास वेळा लागणारे काम हातचे गेल्यावर भूतविध्यर्थाकडे उरली ती केवळ मघाची शिष्टाचाराची नोकरी. त्यात आणखी एक आपत्ती आली. ज्या पासे सँप्लपासून तो जन्म घेतो, तो साधा भूतकाळच गेल्या दोन-अडीच शतकांत बोलण्यातून उठला आणि पुस्तकात जाऊन बसला. बापच घरी बोलत नाही, तेथे मुलाचा आवाज कोठून ऐकू येणार?

हसे झाले ते यानंतर. फ्रेंचमध्ये ‘आस’ हा प्रत्यय हिणकसपणा दाखवितो; ‘व्हिनास’ म्हणजे टाकाऊ दारू, ‘पापरास’ म्हणजे कागदांची निरर्थक बाडे. त्यात ‘पार्लासियों’सारखी लांब शेपटी आली की कान टवकारतात. ‘शकणे’चे ‘प्युस’ आणि पिसवेला म्हणतात ते ‘प्युस’, यांचा उच्चार एकच. ‘जाणणे’चे ‘स्युस’ ऐकावे तर कोणी काही चोखत असल्याचा भास होतो. विनोदी लेखक आल्फोन्स आले (१८५४–१९०५) यांच्या नावावर एक प्रेमकाव्य प्रसिद्ध आहे, त्यात प्रियकर साऱ्या विनवण्या याच रूपात करतो आणि प्रत्येक ओळीगणिक अधिकच हास्यास्पद होतो. तथापि पोर्तुगीज माणूस तसल्याच ‘आस’ला हसत नाही, हे ध्यानात ठेवावे. वापरातल्या वस्तूला कोणी हसत नाही.

सरकारी कागदानेही वेळोवेळी या निरोपावर शिक्का मारला. शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांच्या २६ फेब्रुवारी १९०१ च्या हुकुमाने “तो आला तर मला आवडेल” अशा धर्तीच्या वाक्यांत भूतविध्यर्थाऐवजी वर्तमान विध्यर्थ चालवून घेण्याची सूट दिली. रने आबी मंत्री असताना, डिसेंबर १९७६ मध्ये, ती सूट भूतकाळी वाक्यांनाही मिळाली. आता परीक्षेत या कारणावरून गुण कापता येत नाहीत. माझी याविषयी तक्रार नाही. विद्यार्थ्याने लिहिताना ही सूट खुशाल घ्यावी.

परंतु वाचनाचे काय? रासीनचे ‘आंद्रोमाक’ हे नाटक १६६७ चे. ट्रॉयचा वीर हेक्टर मारला गेला आहे, त्याची विधवा शत्रूच्या घरी बंदिवान आहे, आणि ग्रीकांना तिचा लहानगा मुलगा मारून टाकावयाचा आहे. पहिल्या अंकात ती म्हणते की, या लोकांना भीती कसली, तर पोर आपल्या आईचे अश्रू पुसील याची. यातले ‘भीती वाटते’ हे क्रियापद वर्तमानकाळी आहे. नियमाप्रमाणे ‘पुसणे’ही वर्तमान विध्यर्थी हवे होते. रासीनने भूतविध्यर्थ घातला. वैयाकरण त्यावर आजवर वाद घालीत आले आहेत, पण आईच्या बाजूने पाहिले तर वाद उरत नाही. तो जगू दिला जाता, तर पुसता. आणि तो जगणार नाही, हे ती जाणून आहे. हे सारे न उच्चारलेले ‘जर’ त्या एका क्रियापदाच्या प्रत्ययात आहे. मराठीत आपल्याला ते ‘पुसता’ने थोडे साधते. माझी आजी “तो येता तर बरे होते” असेच म्हणे. तिने ‘आला असता’ क्वचितच म्हटले असेल. पुण्याचे पाहुणे तिच्या ‘येता’ला आणि आमच्या ‘करावयाचे’ला हसत, पण अर्थ त्यांना बरोबर कळे.

अलीकडच्या साहित्यात याचा सर्वात धूर्त उपयोग आल्बेर काम्यूने केला, असे मला वाटते. १९५६ च्या ‘ला श्युत’ या त्याच्या कादंबरीत अ‍ॅमस्टरडॅमच्या एका दारूच्या गुत्त्यात एक माजी वकील अनोळखी देशबांधवाला गाठतो. पहिल्या काही पानांतच तो बोलता बोलता एक भूतविध्यर्थ वापरतो, ऐकणारा दचकतो, आणि वकील लगेच आपल्या या हौसेची कबुली देऊन टाकतो. एका क्रियारूपावरून वाचकाला दोघांचे शिक्षण, दर्जा आणि वकिलाचा गुळगुळीतपणा कळून चुकतो. इंग्रजी भाषांतरात हा प्रसंग समजावून सांगावा लागतो, मराठीतही लागेल. मूळ वाचणाऱ्यास मात्र हे रूप ओळखता आले नाही, तर ऐकणारा का दचकला हेच कळावयाचे नाही.

म्हणून मुलांशी माझा करार असा आहे: सहा रूपांपैकी तृतीय पुरुषी एकवचन तेवढे पक्के करायचे, टोपीसकट. पुस्तकांत भेटते ते बहुधा हेच. बाकीची पाच ओळखता आली म्हणजे पुरे, बोलायची मुळीच नाहीत. शिवाय ‘न फ्युस क’ हा वाक्प्रचार वहीत टिपून ठेवायचा. ‘निदान एवढ्यापुरते तरी’ हा त्याचा अर्थ, आणि मधला ‘फ्यु’ म्हणजे आपला टोपीवालाच. फ्रेंच वृत्तपत्रांत तो अजून भेटतो. गेल्या महिन्यापासून जो तो शोधून कापून आणील त्याला त्या दिवशी तक्ता म्हणण्यापासून सुटी देतो. आतापर्यंत चार कात्रणे जमली आहेत.