अब्रूनुकसानी: खरे बोलणे पुरेसे असते का?

‘डिफमेशन’ हा शब्द मराठी बोलण्यात इतका रुळला आहे की कोणत्याही बोचऱ्या शेऱ्याला तो सर्रास लावला जातो. कायद्याला मात्र त्यातून नेमकी गोष्ट अभिप्रेत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ४९९), एखाद्याच्या लौकिकाला बाधा आणण्याच्या हेतूने किंवा ती येईल हे ठाऊक असताना केलेला आणि तिसऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचलेला आरोप म्हणजे अब्रूनुकसानी होय. त्यामुळे दोघांतच झालेली शिवीगाळ हा अपमान ठरेल, पण अब्रूनुकसानी ठरणार नाही.

विधान खरे असले की बचाव आपोआप सिद्ध होतो, हा सर्वांत खोल रुजलेला गैरसमज होय. भरपाईच्या दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव असला, तरी फौजदारी कायदा सत्याबरोबर लोकहिताचीही अट घालतो. म्हणून कोणाच्या खासगी आयुष्यातील खरी पण कोणाच्याही उपयोगाची नसलेली गोष्ट चव्हाट्यावर मांडणारा सुटेलच असे नाही.

याउलट, हेतू चांगला असला की दोष लागत नाही, हेही खरे नाही. कायद्याच्या भाषेत सद्भाव म्हणजे केवळ निर्मळ मन नव्हे, तर योग्य ती काळजी घेऊन केलेली पडताळणी. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी संस्थानचे कारभारी रावबहादूर बर्वे यांच्यावर केलेल्या टीकेमागे खरी कळकळ होती. परंतु आधाराला घेतलेली पत्रे बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. पत्रकारितेच्या निर्भयतेचा हा प्रसंग पडताळणीचाही धडा आहे, आणि दुसऱ्या अंगाकडे दुर्लक्ष होणे योग्य नाही.

शेरा मराठीत किंवा छापील स्वरूपातच असावा लागतो, हा समजही चुकीचा आहे. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू शेजारी नांदतात. पूर्व भागातील विणकर वस्तीत तेलुगूत तोंडी केलेला आरोपही, ऐकणाऱ्याला तो कळला असेल, तर या कलमात येऊ शकतो. तिरकस प्रशंसेच्या आडून केलेला आरोपही त्यातून सुटत नाही.

पोलीस ठाण्यात जाऊन लगेच गुन्हा नोंदवता येतो, अशीही समजूत आढळते. हा अदखलपात्र गुन्हा असल्याने, सर्वसाधारणपणे बाधित व्यक्तीलाच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. दिवाणी दाव्याची मुदत तर अवघी एका वर्षाची आहे.