काटा अडला म्हणून वडापाव सोडू नका

भाईंदरमध्ये मला हमखास विचारला जाणारा प्रश्न : "डॉक्टर, 5 किलो उतरले, पण आता काटा हलतच नाही. वडापाव कायमचा बंद करू का?" नको. हलक्या शरीराला इंधन कमी लागते. 5 किलो घटले की रोजची गरज सुमारे 100 उष्मांकांनी उतरते. पूर्वी वजन उतरवणारा आहार आता ते जेमतेम टिकवतो.

हे 100 उष्मांक कमी करायचे कुठे? चहात पाहा. चमचाभर साखरेत 20 उष्मांक. दिवसाचे 4 कप, प्रत्येकी 2 चमचे, म्हणजे 160! साखर निम्मी केली की 80 वाचले. मोठा चमचाभर तेलात 120 उष्मांक असतात, तेव्हा उत्तनचे बोंबील कधी तळावेत, कधी कालवणात घालावेत. वडापाव आठवड्यातून एकदा खावा, पण जेवणाऐवजी. आपण तो खाऊन वर जेवतोही!

उपाशी राहिल्यास स्नायू झिजतात व गरज आणखी घटते. म्हणून डाळ, उसळ, मासे ताटात हवेतच. स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी पायी जावे, तीन-चार आठवडे वाट पाहावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र आहार बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.