मिटलेले प्रवाळ

सकाळी उठून काचपेटीजवळ जावे, आणि काल टवटवीत फुललेले प्रवाळ आज आक्रसून, मान खाली घालून बसलेले दिसावे! घरी खाऱ्या पाण्याची पेटी सांभाळणाऱ्याला हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी माणूस घाबरतो, आणि घाबरला की लगेच पाण्यात हात घालतो. या घाईपायी मी स्वतः एक प्रवाळ गमावले आहे. म्हणूनच आज हा विषय घेतला.

प्रवाळ म्हटले की आपल्याला अंगठीतले पोवळे आठवते. ते तांबडे पोवळे आणि पेटीतले मऊ प्रवाळ नात्याने भावंडेच. दोन्ही आठ बाहूंच्या प्राण्यांच्या वसाहती. मात्र मऊ प्रवाळाला दगडी सांगाडा नसतो, अंगात चुन्याचे बारीक कण तेवढे असतात. सार्कोफायटन हे त्यातले पुष्कळांच्या घरी असणारे. आकार छत्रीचा, म्हणून त्याला अळिंब्याची उपमा देतात. छत्रीवरचे नाजूक केसर म्हणजे या वसाहतीतले एकेक जीव. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून असते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि जागेचे भाडे म्हणून त्यातला वाटा मालकाला देते.

आता महत्त्वाची गोष्ट. हे प्रवाळ अधूनमधून कात टाकते! केसर आत ओढून घेते आणि वर मेणासारखा चकचकीत पापुद्रा धरते. काही दिवसांनी, कधी आठवडा-दोन आठवड्यांनी, पापुद्रा सुटतो. त्याबरोबर अंगावरचे शेवाळ आणि घाणही जाते. हा आजार नव्हे, आंघोळ आहे म्हणा ना! मी मात्र तेव्हा एकाच दिवशी दिवा वाढवला, अर्धे पाणी बदलले आणि वर औषधही ओतले. बिचारे आठवड्यात विरघळून गेले.

मग खरा आजार ओळखायचा कसा? कात टाकणारे प्रवाळ आक्रसले तरी अंगाने चिवट राहते. कुजणारे प्रवाळ तपकिरी-काळे पडते, बुळबुळीत होते, बोट लावताच तुटते आणि त्याला घाण वास येतो. डोळ्यांइतकाच नाकावरही विश्वास ठेवा.

कुजण्याची खूण नसेल तर प्रवाळाला हात लावू नका. आधी पाणी तपासा. उष्णता २४ ते २६ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५, आणि अमोनिया शून्य. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून आटलेल्या पाण्याची भर गोड्या, शुद्ध पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने नव्हे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घातक. माशांना दिलेले तांब्याचे औषध तर प्रवाळाला विषच. सुधारणा हळूहळू करा: एका वेळी दहावा हिस्सा पाणी बदला, तेही त्याच उष्णतेचे आणि खारटपणाचे. ही मंडळी शेजाऱ्यांशी रसायनांनी भांडतात, म्हणून गाळणीत सक्रिय कोळसा ठेवावा. पापुद्रा सुटायला पाण्याचा खेळता प्रवाह हवा. पण धार थेट अंगावर नको.

कुज लागलीच असेल, तर मात्र थांबू नका. हातमोजे आणि चष्मा घाला; काही प्रवाळांचे स्राव अपायकारक असतात. पेटीतलेच पाणी वेगळ्या भांड्यात घेऊन त्यात प्रवाळ ठेवा. धारदार, स्वच्छ पात्याने कुजलेला भाग थोड्या निरोगी भागासकट कापून टाका. प्रवाळांसाठी मिळणाऱ्या आयोडीनच्या द्रावणात, बाटलीवर लिहिलेल्या मापाने आणि वेळेपुरतेच बुडवा. मग दुसऱ्या भांड्यातल्या पेटीच्याच पाण्याने धुऊन मध्यम उजेडात परत ठेवा. जखम भरेपर्यंत रोज छेडू नका.

आणि एक गंमत सांगतो. कापताना निघालेला निरोगी तुकडाही टाकायचा नसतो. दगडावर सैलसर बांधून ठेवला तर तो रुजतो आणि त्याचे नवे प्रवाळ होते. मित्राला द्यावे, त्याने तिसऱ्याला द्यावे. घरात वाचलेल्या एका प्रवाळामुळे समुद्रातली चार जागच्या जागी राहतील. तेव्हा उद्या सकाळी ते मिटलेले दिसले, तर आधी बाह्या सरसावू नका. खुर्ची ओढा, बसा आणि नीट पाहा.