फुलफॅक्टचं टेबल जसंच्या तसं शेतात नेऊ नका

समजा, पासलीतल्या भातखाचरांवर चारसूत्री लागवड तपासायची आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या या पद्धतीत चार गोष्टी येतात: रोपवाटिकेत तुसाची राख, चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला, 15-25 सेंमी अंतरावर नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेट. प्रत्येकीचं ‘हो’ किंवा ‘नाही’ धरलं, तर 2×2×2×2 = 16 जोड्या होतात. सगळ्या जोड्या करून बघणं म्हणजे फुल फॅक्टोरियल डिझाइन.

एका वेळी एकच गोष्ट का बदलू नये? कारण पाला घातल्यावर ब्रिकेटचा फायदा तेवढाच राहतो का, हे त्यातून कळतच नाही. पानसे आणि सुखात्मे यांच्या 1954 च्या शेती-संख्याशास्त्रावरच्या पुस्तकातही अशा प्रयोगांची मांडणी आहे.

पायथनच्या पायडीओई लायब्ररीत फुलफॅक्ट([2, 2, 2, 2]) लिहिलं की 0 आणि 1 च्या 16 ओळी मिळतात. पण लायब्ररीला भात कळत नाही! त्यातल्या चार ओळी म्हणतात, ‘नियंत्रित लावणी नाही, ब्रिकेट हो’. ब्रिकेट खोचायची असते चार चुडांच्या चौकोनात. वेडीवाकडी लावणी केली तर चौकोन कुठून आणणार? म्हणून लावणी सगळीकडे 15-25 ठेवा. उरले तीन घटक, म्हणजे 8 ओळी. (राखेसाठी रोपवाटिकेत दोन वेगळे वाफे लागतील, हे आधीच ठरवा.)

खरी गफलत पुढे आहे. फुलफॅक्टमध्ये पहिला कॉलम सर्वात भरभर बदलतो, शेवटचा सर्वात सावकाश. ब्रिकेट शेवटी लिहिली असेल, तर पहिल्या चार ओळी बिनब्रिकेटच्या, पुढच्या चार ब्रिकेटच्या. हे टेबल डोंगरउतारावर वरून खाली मांडलं, की ब्रिकेट नेमकी खालच्या खाचरांत जाते, जिथे पाणी आणि वाहून आलेला गाळ साठतो. उत्पन्न वाढलं तर श्रेय कोणाचं? नंतर कुठलंही रिग्रेशन हे वेगळं काढू शकत नाही. आयटरटूल्सचं प्रॉडक्ट वापरलंत तर उलटं होतं, पहिला कॉलम अडकतो.

उपाय दोन ओळींचा आहे. प्रत्येक खाचरात आठही वाफे बसवा आणि नमपायच्या परम्युटेशन(8) ने क्रम प्रत्येक खाचरासाठी वेगळा पिसा. तीन खाचरं, 24 वाफे. वाफ्यांमध्ये बांध घाला, नाहीतर खत पाण्याबरोबर शेजारी जाईल. रँडम सीडचा आकडा मात्र वहीत लिहून ठेवा. कापणीला कोणता वाफा कोणता, हे पुन्हा त्यावरूनच काढता येतं.