खालचं बटण

पाठ साडेदहाचा आहे आणि छात्राध्यापिका केव्हाची खुर्च्या सरकवते आहे. आधी समोरासमोर, मग काटकोनात. शेवटी ती आपली खुर्ची मुलाच्या खुर्चीच्या मागे, जरा उजवीकडे ठेवते. पुण्यातली ही विशेष शाळा, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची. वरच्या मजल्यावर विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका चालते. वर शिकायचं आणि खाली येऊन करून दाखवायचं.

टाचणावर आजचा घटक आहे, ‘स्वतःच्या शर्टाचं खालचं बटण लावणे’. उद्दिष्ट, साहित्य, प्रबलन, मूल्यमापन, सगळे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले. पायऱ्या सहा: दोन्ही कडा जवळ आणणे, डाव्या हाताने काजपट्टी धरणे, उजव्या चिमटीत बटण पकडणे, त्याची कड काजात सरकवणे, ती पलीकडून डाव्या चिमटीत पकडणे, ओढणे. वाचता वाचता माझा हात नकळत माझ्याच शर्टाकडे जातो. पाचवी पायरी मी कशी करतो ते मला सांगता येत नाही.

मुलगा येतो. अकरा वर्षांचा, कडक इस्त्रीचा नवा गणवेश घातलेला.

“ये रे बाळा.”

“नावाने,” मागच्या बाकावरून मॅडम. पर्यवेक्षिका त्याच. अकरा वर्षांच्या मुलाला बाळ म्हणायचं नाही, हा इथला पहिल्या महिन्याचा धडा. ती त्याला नावाने हाक मारते, तो वळून बघतो आणि बसतो.

टेबलावर बटणांची एक लाकडी चौकट आहे, घरी खपून केलेली, लाल कापडाची. मॅडम येतात आणि ती उचलून खिडकीत ठेवून देतात. चौकट टेबलावर आडवी असते, बटणं आपल्याकडे बघत असतात. अंगातल्या शर्टाकडे मात्र वरून, उलट्या बाजूने बघावं लागतं. चौकटीवर पटापट बटणं लावणारी मुलं शर्टापाशी अडतात, ती यामुळेच. खुर्ची मागे घेतली तीही याचसाठी, म्हणजे शिकवणारीचे हात मुलाच्या हातांच्याच दिशेने येतात. सुरुवात खालच्या बटणापासून, कारण गळ्याशी असलेलं बटण मुलाला दिसतच नाही.

पहिल्या पाच पायऱ्या ती करते. बटण अर्धं काजाबाहेर. “ओढ.” तो ओढतो. लागलं! शिकवणं शेवटच्या पायरीपासून सुरू करायचं, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाचा शेवट त्याच्या हातून होतो. बक्षीस म्हणून त्याला पंख्याचा रेग्युलेटर फिरवायला मिळतो. पंखा पाचवर जातो, टाचणाचे कागद उडतात, मागच्या बाकावरच्या मुली हसू दाबत ते गोळा करतात.

आता शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या. बटणाची कड काजातून जेमतेम डोकावते आहे. त्याची चिमटी तिथे पोचते, निसटते. पुन्हा पोचते, पुन्हा निसटते. तिचे हात आपोआप पुढे येतात.

“हात मागे.”

ती हात मांडीखाली दाबून बसते, अगदी खरोखर. ओठ हलताहेत, मनात पाचपर्यंत मोजते आहे. पाच सेकंद किती लांब असतात ते या खोलीत बसल्याशिवाय कळणार नाही. “पलीकडून पकड,” ती नुसतं म्हणते. तो खाली बघतो, जीभ बाहेर काढतो, बटण काजात अडकून बसतं. तिसऱ्या खेपेला ती त्याच्या मनगटाला हात देते तेव्हा कुठे ते सुटतं. निरीक्षण वह्यांमध्ये बाकावरच्या सगळ्याजणी ‘पीपी’ लिहितात: शारीरिक साहाय्य. तोंडी सूचनेवर जमलं असतं तर ‘व्हीपी’.

चहाला टाचण मागे पडतं आणि नोकरीचं बोलणं निघतं. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही. १९९२ च्या कायद्यात त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्हीही. हजारात आज गणवेशाचे दोन जोड तरी शिवून होतील का, शंकाच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिकला १० विशेष मुलांमागे एक शिक्षक आणि उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक, असं प्रमाण ठरवलं. २०२४ मध्ये राज्याने शाळांच्या केंद्रागणिक एक, अशी ४८६० पदं मंजूर केली. एका केंद्राखाली किती शाळा येतात याचा हिशोब मुली बोटांवर करतात, मग गप्प होतात. मला खटकतं ते आणखी वेगळंच. पदविका एका प्रकारच्या दिव्यांगत्वाची असते आणि २०१६ च्या कायद्यात प्रकार आहेत २१. बटणाच्या सहा पायऱ्या घोटलेली ही मुलगी उद्या साध्या शाळेत गेली, की समोर ब्रेलची पाटी घेऊन बसलेलं मूलही तिचंच.

दाराशी मुलाची आई उभी आहे. घरी काय करायचं, असं ती मॅडमना विचारते. मॅडम छात्राध्यापिकेकडे बोट दाखवतात.

“ताई, खालचं बटण त्याला लावू द्या. तुम्ही पुढे सरकवा, शेवटचं ओढायचं तेवढं त्याच्याकडे.”

“सकाळी सातची गाडी असते हो. मीच भराभर लावते.”

“मग संध्याकाळी? खाली खेळायला जाताना?”

आई विचार करते. “संध्याकाळी जमेल. पण शर्ट घरचा घालीन. या नव्या शर्टाची काजं फार घट्ट आहेत, माझीच नखं दुखतात.”

मॅडम छात्राध्यापिकेकडे वळतात. “साहित्याच्या रकान्यात काय लिहिलंयस?”

“मुलाचा स्वतःचा शर्ट.”

“कुठला?”

ती पेन काढते, भिंतीला वही टेकवते आणि आईला विचारते, “घरच्या शर्टाची बटणं केवढी आहेत हो?”