जीपचा बुश छोटा, दुर्लक्ष मात्र महागात



बाजाराचा दिवस असो की लग्नसराई, गावाकडची जुनी जीप अजून कामाला येतेच. मुंबईत १९४० च्या दशकाअखेर महिंद्रांनी विलिस जीपची जोडणी सुरू केली. पुढे १९५३ साली अमेरिकेत निघालेल्या सीजे-३बी या नमुन्यावरच्या गाड्या आपल्याकडे वर्षानुवर्षे बनल्या. अशा गाडीचे ऑइल आपण वेळेवर बदलतो, पण पाट्यांच्या बुशाकडे कोण बघतो?

पाट्याचे टोक गोल वळवलेले असते. त्यात बुश बसतो आणि बुशातून बोल्ट जातो. एक टोक चासिसला, दुसरे शॅकलला. बुश झिजला की एक्सल जागचा सरकतो. मग खड्ड्यात टकटक वाजते, ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग भरकटते, टायर वेडावाकडा घासतो. भरलेली गाडी घाटात असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा. शॅकलजवळ टॉमी घालून हलवून बघा. बोल्ट खुळखुळला, रबर फाटून बाहेर आले, तर बुश गेला समजा.

बदलताना चासिसखाली मजबूत घोड्या लावा, एक्सलला जॅकचा आधार द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कधीही खाली शिरू नका. जुना बुश दाबून काढा, आतला गंज खरवडा. नवा रबरी बुश साबणाच्या पाण्याने बसवा. त्याला ग्रीस किंवा डिझेल लावू नका, रबर फुगते. मात्र जुन्या जीपला पेचाचे धातूचे बुश आणि ग्रीस निपल असतील, तर तिथे ग्रीस हवेच. दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदला.

आता मुख्य गोष्ट. गाडी घोडीवर असताना रबरी बुशाचे नट पुरते आवळू नका, नुसते बसते करा. एक्सल लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. गाडी चाकांवर उतरवा, दोनदा हलवा आणि मगच नट पक्के करा. चार दिवस चालवून पुन्हा एकदा तपासा.

मिस्त्रीकडे काम दिलेत, तरी तेवढा वेळ शेजारी उभे राहा. गाडी स्वतःची असो की संस्थेची, आत बसणारी माणसे आपलीच असतात.